इंकर म्हणजे गिरवणारा?

एका वाचकाचा प्रश्न : जुनी अमेरिकन कॉमिक्स ऑनलाइन चाळताना 'पेन्सिल्स : जॅक कर्बी, इंक्स : जो सिनॉट' अशी नावं दिसतात. हा इंकर म्हणजे पेन्सिलीवर गिरवणारा का? मराठीत त्याला काय म्हणावं?

'गिरवणारा' नको. गिरवताना खालची रेघ सोडायची नसते. पाटीवरचा 'ग' गिरवताना पोराने स्वतःची अक्कल चालवली की धपाटा ठरलेला. इंकरला अक्कल चालवावीच लागते. पेन्सिलवाला कित्येकदा काळा करायच्या जागी नुसती बारीक फुली मारून मोकळा होतो. त्या काळ्याची कड कापल्यासारखी ठेवायची की ब्रशने विरवत न्यायची, रेघ कुठे जाड करायची, हे इंकरच्या हातात. १९६५ पासून सिनॉट कर्बीच्या 'फॅन्टास्टिक फोर' या कॉमिक मालिकेवर नियमित होता. तिथली ठाशीव, गुळगुळीत रेघ त्याची. कर्बीच्याच 'थॉर'वर व्हिन्स कॉलेटाची रेघ केसासारखी बारीक, आणि घाईत त्याने मागची माणसं खोडून टाकली म्हणून चाहते अजून बोटं मोडतात. दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडा. चित्रकार एकच, पण पटकन पटत नाही.

मुळात शाई लागायची ती छपाईसाठी. पेन्सिलीचा करडेपणा लाइन ब्लॉकवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या ठशावर, उतरत नाही, त्याला ठार काळं हवं. (आपल्याकडच्या ब्लॉकच्या जमान्यातल्या चित्रकारांनाही हे सांगावं लागत नसे.) पण त्यासाठी वेगळा माणूस आला तो दरमहा अंक काढायच्या रेट्यामुळे. न्यू यॉर्कमध्ये १९३६ साली विल आयस्नर आणि जेरी आयगर यांनी काढलेल्या स्टुडिओत एकच पान असं हातोहात फिरायचं.

आता शब्द. संस्कृतातल्या 'मसी'वरून, म्हणजे शाईवरून, 'मसीकार' घडवता येईल, पण निम्म्या महाराष्ट्राला त्यात म्हशी ऐकू येतील. माणसाला इंकरच म्हणावं. आपले चित्रकारही 'इंकिंग झालं का' असंच विचारतात. श्रेयनामावलीत मात्र 'रेखाटन : कर्बी, शाईकाम : सिनॉट' छान बसतं. पुढे रंग आणि अक्षरलेखन आहेच. 'शाईकाम' मला आवडतो तो त्यातल्या 'काम'साठी. भरतकाम, नक्षीकाम यांच्या पंगतीत तो आपसूक बसतो.

चाळीसच्या दशकातल्या अंकांत बहुतेकदा नावंच छापलेली नसतात. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या कॉमिक्सच्या ऑनलाइन सूचीवर अशा नोंदींत नावापुढे प्रश्नचिन्ह दिसलं, तर कुणीतरी रेघेच्या वळणावरून अंदाज बांधलाय असं समजा.