फंक्शन डिक्लरेशनचा वेगळा नियम काढूनच टाका

सी भाषेच्या पार्सरसाठी (कोडची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामसाठी) ग्रामर लिहिताना व्हेरिएबलसाठी एक नियम, फंक्शन डिक्लरेशनसाठी दुसरा, आणि बायसन, म्हणजे ग्रामरवरून पार्सर बनवणारं साधन, शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टची वॉर्निंग देतोय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुढचं टोकन (कोडमधला पुढचा शब्द किंवा चिन्ह) घ्यायचं (शिफ्ट) की वाचलेलं एका नियमात मिटवायचं (रिड्यूस), हे त्याला ठरवता येत नाही. वाचताक्षणी दुखणं ओळखलं. अगदी अशीच फाइल एका कामात माझ्या गळ्यात पडली होती.

सीच्या प्रमाणित ग्रामरमध्ये फंक्शन डिक्लरेशन असा स्वतंत्र नियमच नाही. आधी स्पेसिफायर (‘इंट’सारखे प्रकाराचे शब्द), मग स्वल्पविरामाने जोडलेले डिक्लरेटर (नाव आणि त्याला चिकटलेली चिन्हं), शेवटी अर्धविराम, एवढंच. पॅरामीटरचा कंस आणि पॉइंटरचा तारा दोन्ही डिक्लरेटरच्या पोटात येतात. वेगळा नियम लागतो तो फक्त बॉडी (महिरपी कंसातला कोड) असलेल्या डेफिनिशनला.

आता ‘इंट फ(इंट), ग;’ ही ओळ घ्या. पूर्ण वैध आहे. फ नंतर कंस दिसला की बायसन आपणहून शिफ्ट निवडतो, म्हणजे तुमच्या खास नियमात शिरतो, आणि पुढच्या स्वल्पविरामावर आपटतो.

आमच्याकडे ही फाइल सांभाळणाऱ्या विभागाने ‘नुसती वॉर्निंग तर आहे’ म्हणत ‘%एक्स्पेक्ट’ (इतके कॉन्फ्लिक्ट अपेक्षितच आहेत, असं बायसनला सांगणारी सूचना) घालून तिचं तोंड बंद केलं होतं. किती वेळा कळवलं, उत्तर एकच: आमच्या टेस्ट पास होतात. होणारच! टेस्टमध्ये एका ओळीत एकच डिक्लरेशन होतं. हेडर फाइल फुटायच्या ग्राहकांच्या आणि शिव्या खायचो आम्ही. आजही आठवलं की संताप होतो. त्यामुळे कॉन्फ्लिक्ट का येतोय हे कळेपर्यंत ‘%एक्स्पेक्ट’ला हात लावू नका, हे माझं ठाम मत.

तुमची पूर्ण फाइल पाहिलेली नाही, आणि हे फक्त सीपुरतं. सी प्लस प्लसचा मामला निराळा.

एक कॉन्फ्लिक्ट मात्र ग्रामर कितीही नीट लिहिलं तरी जात नाही. ‘ट (क्ष);’ यात ट हा टाइपडेफ (एखाद्या प्रकाराला दिलेलं नाव) असेल तर हे डिक्लरेशन, नसेल तर फंक्शन कॉल. लेक्सरने (कोडचे टोकन पाडणाऱ्या भागाने) सिम्बॉल टेबल, म्हणजे आधी आलेल्या नावांची नोंद, बघूनच टोकन ठरवायचं, तेही स्कोप (नाव कुठल्या ब्लॉकपुरतं लागू आहे ते) सांभाळून, कारण आतल्या ब्लॉकमध्ये तेच नाव व्हेरिएबलचं असू शकतं. जीसीसी या कंपायलरने 4.1 आवृत्तीमध्ये सीसाठी बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर घेतला, पण ही तपासणी त्यालाही चुकली नाही.

आणि पॅरामीटरऐवजी नुसत्या नावांची यादी देणारी जुनी पद्धत सी23 या प्रमाणातून गेली आहे. जुना कोड वाचायचा नसेल तर तो नियम ठेवूच नका.