गावकीने वाळीत टाकलंय, पोलीस म्हणतात आपसात मिटवा. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की भावाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने 50 हजारांचा दंड लावला, तो न भरल्यामुळे घर वाळीत पडलं, आणि आता आई म्हणते, भरून टाकू.

भरू नका. आम्ही रायगडातलेच. माझ्या वडिलांनी कर्ज काढून दंड भरला होता. पावती मिळाली नाही, आणि पुढच्या शिमग्याला पालखी आमचं दार टाळून गेलीच.

‘आपसात मिटवा’ हे ऐकून परत येऊ नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. 2016 साली विधिमंडळाने तो मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, किंवा थेट प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. या कायद्यात ती वाट मोकळी ठेवलेली आहे. वहिनी अनुसूचित जातीच्या असतील तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही लागू शकतं, हे वकिलाला आवर्जून विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावाने अर्ज करा, स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो.

खरी अडचण पुराव्याची. वाळीत टाकल्याचा ठराव कुणी कागदावर लिहीत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, “आम्ही कुठे काय केलंय, बोलायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी.” म्हणून रोजची वही ठेवा. गिरणीवाल्याने दळण परत पाठवलं, लावणीला माणसं ठरवून आली नाहीत, हळदीकुंकवाला आईला बोलावलं नाही: तारीख, वेळ, समोर कोण होतं. आम्ही उत्सवाची वर्गणी मनीऑर्डरने पाठवली होती. ती नाकारली म्हणून परत आली आणि तोच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला. गावातून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळात काय ठरलं तेही शोधा. कोकणात पुष्कळदा निर्णय तिथल्या बैठकीत होतो, गावात फक्त पाळला जातो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले निरोप पुसले जाण्याआधी जपून ठेवा. पुढची बैठक कळली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच अर्ज करा, बहिष्कारासाठीचा जमाव ते रोखू शकतात.

तडजोडीला मी विरोध करणार नाही, शेवटी राहायचं त्याच वाडीत आहे. पण ती कोर्टाच्या परवानगीने होऊ द्या, देवळातल्या बैठकीत नको. आमच्याकडे कोर्टाच्या परवानगीनेच झाली. आम्ही एकच अट धरली: गावकीचा प्रत्येक निर्णय वहीत लिहायचा, सह्यांसकट, आणि बैठकीला बायकांनाही बोलवायचं. पहिल्या बैठकीला तिघीच आल्या, त्यातली एक माझी आई. ती मागे भिंतीला टेकून बसली होती. दंडाचा विषय निघाला तेव्हा उठून म्हणाली, “आधी आमचे पैसे कुठल्या खात्यात जमा आहेत ते वाचून दाखवा.”