वाचकांचे प्रश्न : लाकडी रोलर कोस्टर कधी थकतो आणि नव्याने कसा उभा राहतो?

लाकडी रोलर कोस्टरविषयी वडोदऱ्यातूनच आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रातील शंका मूलभूत असल्याने तिचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही उभयता अमेरिकेत मुलाकडे गेलो असताना तेथील एका मनोरंजन उद्यानातील लाकडी रोलर कोस्टर हंगामाच्या अखेरीस कायमचा बंद होणार असल्याचे जाहीर झाले होते. निरोपाची फेरी घेण्यासाठी लोक तासन् तास रांगेत उभे होते. चौकशी केली तेव्हा त्याला जेमतेम पंचवीस-तीस वर्षे झाल्याचे कळले. आपला तांबेकर वाडा दीडशे वर्षांहून जुना असून लाकडीच आहे. मग या लाकडाला एवढ्या लवकर म्हातारपण कसे आले? शिवाय फलकावर ‘नव्या रूपात परत येईल’ असे लिहिले होते, त्याचा अर्थ काय?
– एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

उत्तर : तांबेकर वाड्याची आठवण आपण काढलीत हे बरे झाले, कारण त्या वाड्याच्या शेजारी ठेवून पाहिले की फरक चटकन लक्षात येतो. वाड्याच्या खांबांवर आणि तुळयांवर पडणारा भार जागचा हलत नाही. छपराचे, मजल्यांचे, माणसांचे ओझे सरळ जमिनीकडे उतरते, आणि ओल व वाळवी यांपासून जपलेले चांगले लाकूड ते पिढ्यान् पिढ्या पेलते. रोलर कोस्टरच्या लाकडावरून मात्र काही टन वजनाची गाडी दिवसभर दर काही मिनिटांनी ताशी ८०-१०० किलोमीटर वेगाने जाते. ती उतरंडीच्या तळाशी लाकडाला दाबते, वळणावर बाजूला रेटते आणि चढाच्या माथ्यावर वर उचलू पाहते. लाकूड कुजण्याच्या कितीतरी आधी त्याचे सांधे सैल होतात.

येथे खरा प्रश्न सांगाड्याचा नसून रुळाचा असतो. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडचा १९२७ सालचा ‘सायक्लोन’ जगभर लाकडी म्हणून ओळखला जातो, पण त्याचा सांगाडा पोलादाचा असून रूळ तेवढा लाकडी आहे. उलट ओहायो राज्यातील सीडर पॉइंट उद्यानातल्या १९७८ च्या ‘जेमिनाय’चा सांगाडा लाकडी आणि रूळ पोलादी असल्याने त्याची गणना पोलादी कोस्टरांत होते. लाकडी रूळ म्हणजे पाइनच्या फळ्यांचे, एकावर एक ठेवून खिळ्यांनी आणि बोल्टांनी जखडलेले सात-आठ थर. त्यांच्या वरच्या अंगाला आणि कडेला पोलादाची सपाट पट्टी बसवलेली असते आणि चाके त्या पट्टीवरून फिरतात. प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाके असतात : रुळावरून धावणारी, बाजूने धरून ठेवणारी आणि रुळाच्या खालून अडकवलेली. खालच्या चाकांच्या रचनेचे पेटंट जॉन मिलर यांना १९१९ साली मिळाले. त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उडण्याची भीती गेली, आणि उंच टेकाडे, खोल उतार व तीव्र वळणे बांधणे शक्य झाले. पण त्याच कारणाने बिचाऱ्या फळ्यांना तिन्ही दिशांनी मार बसू लागला, हेही खरे.

या माराने फळ्यांचे तंतू दबतात, खिळे सैल पडतात आणि दोन रुळांमधले अंतर किंचित वाढते. अंतर वाढले की गाडी सरळ न धावता डावीकडे-उजवीकडे आपटत जाते आणि प्रत्येक आपटण्याने सांधा आणखी सैल होतो. त्यात पावसाने लाकूड फुगते, उन्हाने आकसते, आणि कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात जमीन गोठून फुगल्यामुळे पायाचे काँक्रीटसुद्धा हलते. म्हणून तेथील कामगार रोज सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी संपूर्ण रुळावरून पायी चालत जाऊन एकेक बोल्ट तपासतात, आणि हिवाळ्यात उद्यान बंद असताना रुळाचा काही भाग उखडून नव्या फळ्यांचा बसवतात. वर्षानुवर्षे असे चालल्यावर जुन्या कोस्टरच्या रुळात मूळचे लाकूड जवळजवळ उरलेले नसते. त्यामुळे त्याचे वय उद्घाटनाच्या सालावरून मोजणे फसवे आहे.

याचा उत्तम दाखला ओहायोतल्याच किंग्ज आयलंड उद्यानात मिळतो. तेथील ‘द बीस्ट’ हा जगातील सर्वांत लांब लाकडी कोस्टर १९७९ साली सुरू झाला. त्याच उद्यानात २००० साली ६६ मीटर उंचीचा ‘सन ऑफ बीस्ट’ उभा राहिला. २००६ मध्ये त्याच्या लाकडी रचनेत बिघाड होऊन अनेक प्रवासी जखमी झाले, २००९ मध्ये तो बंद पडला आणि २०१२ मध्ये पाडला गेला. ‘द बीस्ट’ मात्र या सगळ्यानंतरही धावत राहिला. मेलबर्नच्या लूना पार्कमधील ‘सीनिक रेल्वे’ तर १९१२ सालची आहे.

थोरले टिकले आणि धाकटे गेले, याचे कारण बरेचसे आकारात आहे. उतार जितका उंच तितका तळाशी वेगाचा वर्ग मोठा, आणि वळणावर रुळाला बसणारा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ‘सायक्लोन’ची उंची सुमारे २६ मीटर आहे. १९९० च्या दशकात उद्यानांची उंचीसाठी चढाओढ लागली आणि ४५-५० मीटरचे लाकडी कोस्टर बांधले गेले. उंची दुप्पट झाली की तेवढ्याच त्रिज्येच्या वळणावर रेटाही जवळजवळ दुप्पट होतो, पण फळी आणि खिळा पूर्वीचेच राहतात. माझ्या मते ही पिढी लाकडाच्या दोषाने थकली नाही, हव्यासाने थकली. पुढे प्रवाशांना हाडे खिळखिळी करणारे हादरे बसू लागतात, गर्दी ओसरते, ब्रेक लावून वेग कमी केला जातो, त्याने मजा जाते आणि गर्दी आणखी ओसरते. दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतच राहतो. हिशेब तेथे संपतो आणि निरोपाची तारीख जाहीर होते.

‘नव्या रूपात’ या शब्दांचा अर्थ अलीकडे बहुधा एकच असतो : लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून गाडी उलटीपालटी फिरवतात, हे कसे साधते? जो सांगाडा जुना भार पेलू शकत नव्हता, तो नवा भार कसा पेलतो?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, कलाभवन

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच एक गृहीतक दडले आहे. जुना सांगाडा भार पेलू शकत नव्हता असे नाही, तर धक्के पेलता पेलता तो थकला होता. सैल रुळावर आपटत जाणाऱ्या गाडीचा क्षणिक धक्का तिच्या स्थिर वजनाच्या तुलनेत फार मोठा असतो. रूळ ताठ व गुळगुळीत झाला की वेग वाढवूनही हे धक्के कमी होतात, आणि खांबांवर येणारा भार अचानक न आदळता क्रमाने चढतो व उतरतो.

हे तंत्र आयडाहो राज्यातील रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने, फ्रेड ग्रब आणि ॲलन शिल्की यांच्या कल्पनेतून प्रचारात आणले. नळ्या वाकवून रूळ तयार करण्याऐवजी सपाट पोलादी पत्रे हव्या त्या वक्र आकारात कापून ते वेल्डिंगने जोडले जातात, त्यामुळे रुळाला अक्षाभोवती पीळ देणेही सोपे जाते. टेक्सासमधील १९९० चा ‘टेक्सास जायंट’ २००९ मध्ये बंद करून २०११ मध्ये या पद्धतीने पुन्हा सुरू झाला. सीडर पॉइंटचा १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ ४९ मीटर उंच होता. तो २०१६ मध्ये बंद झाला आणि २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ या नावाने परतला, तेव्हा त्याची उंची ६२ मीटर, वेग ताशी सुमारे १०५ वरून ११९ किलोमीटर, आणि गाडी चार ठिकाणी उलटी होत होती. अर्थात जुना सांगाडा जसाच्या तसा राहत नाही. भारांचे गणित नव्याने मांडून काही चौकटी कापतात, काही उंचावतात, जिथे गरज असेल तिथे नवे खांब व नवा पाया घालतात.

उलटण्यामुळे सांगाड्यावर फार ताण येईल ही भीती मात्र अनाठायी आहे. पिळाची जागा बहुधा टेकाडाच्या माथ्याजवळ ठेवतात. तेथे गाडी मुक्तपणे फेकलेल्या वस्तूच्या मार्गाने जात असते आणि रुळाला जवळजवळ टेकतच नाही. सांगाड्याची कसोटी लागते ती उताराच्या तळाशी, आणि ती सरळ कोस्टरलाही चुकत नाही.

लाकूड सोडायचे नसेल तर आणखी एक मार्ग आहे. जर्मनीतील हायडे पार्कमधील ६० मीटर उंचीच्या, २००१ साली सुरू झालेल्या ‘कोलोसोस’चा रूळ जागेवर फळ्या ठोकून बांधलेला नव्हता, तर कारखान्यात लाकडाचे थर चिकटवून, मोजमापाने कापून आणलेला होता. २०१६ मध्ये तो बंद पडला. मग नवा रूळ तसाच कारखान्यात करून बसवण्यात आला आणि २०१९ मध्ये गाडी पूर्वीच्याच मार्गावर धावू लागली.

प्रश्न : सगळे लाकूड बदलले, रूळ बदलला, नावही बदलले, तर त्याला पुनर्बांधणी म्हणावे की नवे बांधकाम? जुन्याचे काही राखायचे असेल तर नेमके काय राखावे?
– एक वाचक, फतेहगंज

उत्तर : तीन उदाहरणे सांगतो. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथील ‘लीप-द-डिप्स’ १९०२ सालचा, म्हणजे मिलर यांच्या पेटंटच्याही आधीचा आहे. त्याच्या गाडीला खालची चाकेच नाहीत. १९८५ मध्ये तो बंद पडला, १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये दुरुस्तीनंतर तो पुन्हा सुरू झाला. इंग्लंडमधील मार्गेट येथील १९२० च्या ‘सीनिक रेल्वे’चा मोठा भाग २००८ च्या आगीत जळाला, तरी ती संरक्षित वास्तू असल्याने २०१५ मध्ये पूर्वीप्रमाणेच उभी राहिली. तेव्हाही तिच्या गाडीवर ब्रेक ओढणारा माणूस बसत असे. तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील ‘रॉकेट’ हा कोस्टर १९८० मध्ये उद्यान बंद झाल्याने ओस पडला होता. पेनसिल्व्हेनियातील नोबेल्स उद्यानाने तो विकत घेतला, त्याचे मूळ आराखडे हाती नसल्याने तुकड्या-तुकड्यावर क्रमांक घालून तो उतरवला, दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर वाहून नेला आणि १९८५ मध्ये ‘फिनिक्स’ या नावाने पुन्हा जोडला.

या तिन्ही ठिकाणी फळ्या बदलल्या, एका ठिकाणी तर गावही बदलले, पण उतार-चढांची रेषा, गाडीची चाल आणि रुळाची जात कायम राहिली. म्हणून त्यांना पुनर्बांधणी म्हणण्यास मला काहीच हरकत वाटत नाही. ‘स्टील व्हेंजन्स’ हे मात्र जुन्या जागेवरचे नवे बांधकाम आहे, आणि त्यात कमीपणाही काही नाही. ‘मीन स्ट्रीक’च्या हादऱ्यांना लोक कंटाळलेच होते, त्यामुळे तो जसाच्या तसा जपून कोणाचे भले झाले नसते. ज्या कोस्टरची रेषाच मुळात चुकली होती त्याचा सांगाडा नव्याला द्यावा, आणि ज्याची रेषा चांगली होती पण देखभाल हरली त्याला लाकडातच पुन्हा उभे करावे, असे माझे मत आहे. राखायचेच असेल तर सर्वांत आधी गाडी थांबण्यापूर्वीच रुळाचे अचूक मोजमाप करून ठेवावे. फळी कोठेही मिळते, रेषा एकदा पुसली की मिळत नाही.

प्रश्न : असा एखादा छोटा लाकडी कोस्टर आपल्या कमाटीबागेजवळ झाला तर आपल्या हवेत आणि वाळवीत तो टिकेल का?
– एक गृहिणी, कारेलीबाग

उत्तर : हवा आडवी येणार नाही. जपानच्या नागाशिमा स्पा लँडमधील ‘व्हाइट सायक्लोन’ समुद्रकाठच्या पावसात आणि वादळांत १९९४ पासून २०१८ पर्यंत चालला, आणि त्याच्याच सांगाड्यावर २०१९ मध्ये पोलादी रुळाचा ‘हाकुगेई’ उभा राहिला. फ्लोरिडातील टँपा येथील ‘ग्वाझी’ दमट उष्ण हवेत १९९९ ते २०१५ चालला आणि २०२२ मध्ये ‘आयर्न ग्वाझी’ म्हणून परतला. मात्र त्याच्या प्रवाशांना सात वर्षे वाट पाहावी लागली. वाळवी आणि बुरशी यांच्यासाठी लाकडात दाबाखाली औषध मुरवतात आणि खांब जमिनीत न पुरता काँक्रीटच्या ओट्यावर बसवतात.

अडचण आहे ती माणसांची. खोपोलीच्या इमॅजिकामधील ‘नायट्रो’सारख्या पोलादी कोस्टरलाही रोजची तपासणी लागतेच, पण लाकडी रुळाला त्याशिवाय कायम नोकरीवरचे, उंचावर काम करणारे, या रुळाची ओळख असलेले सुतार लागतात, आणि ते पावसाळ्यानंतर दरवर्षी काही मीटर रूळ नव्याने बांधत राहतात. त्यांच्या पगाराची तरतूद पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर कमाटीबागेजवळ पोलादी कोस्टरचाच आग्रह धरावा.