गोधड्यांच्या ऑर्डरी साचल्या आहेत

प्रश्न : मी गिरगावात ग्राहकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या हाताने शिवते. २३ ऑर्डरी साचल्या असून ‘कधी मिळेल?’ असे विचारणारे फोन रोज येतात. काय करावे?

उत्तर : तूर्त नवी ऑर्डर घेऊ नका. एका गोधडीच्या धावदोऱ्याला नेमके किती तास लागतात, ते वहीत टिपा आणि त्या हिशेबाने प्रत्येकाला क्रमांक व तारीख कळवा. मात्र पावसाळ्यात, मुंबईच्या दमट हवेत, धुतलेल्या साड्या लवकर वाळत नाहीत, तेवढे दिवस आधीच धरा. बाळंतविड्याची गोधडी अर्थातच इतरांच्या आधी घ्यावी लागेल. आगाऊ रक्कम परत मागणाऱ्याशी वाद घालू नका. प्रत्येक गाठोड्याला नावाची चिठ्ठी टाचा. एकीच्या आईची साडी दुसरीच्या गोधडीत शिवली गेली, तर उसवण्यातच दोन दिवस जातील.