मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडताना: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझा रोजचा 1.5 जीबीचा प्लॅन आहे. सकाळी हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपवर फक्त मेल बघतो, तरी अकराच्या आत डेटा संपल्याचा मेसेज येतो. कोणी पासवर्ड चोरलाय का?

पासवर्ड बदलून टाका, पण माझ्या मते चोर लॅपटॉपच्या आतच आहे. विंडोजला वायफाय दिसलं की त्याला वाटतं घरचं ब्रॉडबँडच आहे, मग तो मागच्या मागे अपडेट ओढायला लागतो, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोटो चढवायला लागतं आणि तुम्ही बिचारे दोन मेल वाचत बसलेले असता. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, तुमच्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि मीटर्ड कनेक्शन (म्हणजे इथला डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) ऑन करा, बहुतेक अपडेट थांबतात. ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कला वेगळी असते, म्हणजे उद्या मोबाईल केबलने जोडलात तर लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि तिथे इथरनेट दिसेल, त्यालाही परत करावी लागेल. वनड्राइव्ह हाताने पॉज करा. आणि अपडेट कायमचे अडवू नका हं, सिक्युरिटीचे असतात ते, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी ब्रॉडबँडवर लॅपटॉप नेऊन होऊ द्या.

प्रश्न: बाकी सगळ्यांच्या मोबाईलला माझा हॉटस्पॉट दिसतो, माझ्याच जुन्या लॅपटॉपला दिसत नाही.

वायफायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात; लॅपटॉपचं वायफाय फक्त 2.4 वालं असणार आणि मोबाईल 5 वर प्रसारण करतोय. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड 2.4 करा. आयफोन 12 किंवा त्यानंतरचा असेल तर मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी ऑन करा आणि लॅपटॉप जोडला जाईपर्यंत ते पान उघडंच ठेवा.

प्रश्न: तुम्ही नेहमी यूएसबी टेदरिंग (केबलने मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) करा म्हणता, पण माझ्या अँड्रॉइडमध्ये तो पर्याय पुसटच राहतो, दाबलाच जात नाही. केबल लावलेली आहे, चार्जिंगही होतंय.

चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली, असं नसतं आणि इथेच बहुतेक जण अडकतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या दोन नसतातच. तपासायचं सोपं आहे, केबल लावून मोबाईलमधले फोटो लॅपटॉपवर उघडतात का बघा, फाइल ट्रान्सफर निवडूनही काहीच दिसलं नाही तर आधी दुसरी केबल लावा. मॅकवाल्यांनी मात्र यात वेळ घालवू नका, अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग तिथे सहसा थेट चालत नाही, हॉटस्पॉटच वापरा.

मी केबलचा आग्रह का धरतो, तर बॅटरी उतरत नाही, लाइन स्थिर राहते आणि अजून एक फायदा खूप जणांना माहीतच नसतो, मोबाईल घरच्या वायफायवर असेल तर केबलमधून तेच वायफाय लॅपटॉपला मिळतं, मोबाईल डेटा खर्चच होत नाही. लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलंय, किंवा नवीन विंडोज टाकलंय आणि वायफायचा ड्रायव्हरच (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीये, अशा वेळी एवढ्याच केबलवर काम होतं, दुकानात पळायच्या आधी करून बघा.

प्रश्न: ब्लूटूथने जोडलं तर?

जोडता येतं पण फार हळू. मेल, व्हॉट्सॲप एवढंच असेल तर ठीक, बॅटरी कमी खातं.

प्रश्न: गावी कोकणात आलोय, वर्क फ्रॉम होम आहे. रेंज फक्त माळ्यावरच्या खिडकीत येते, तिथे टेबल मावत नाही. काय करू?

इथे मात्र केबल सोडा. चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रे असले की रेंज आत येता येता मरते, म्हणून मोबाईल खिडकीतच ठेवायचा आणि हॉटस्पॉटने खाली माजघरात लॅपटॉप जोडायचा. बँड 2.4 ठेवा, भिंतीतून तोच बरा जातो. मोबाईल उन्हात ठेवू नका, कव्हर काढा, तापला की नेट मंदावतं. पॉवर बँक लावून ठेवा, लाइट कधी जाईल नेम नाही. हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा पर्यायही ऑफ करा, नाहीतर लॅपटॉप जरा स्लीपला गेला की प्रत्येक वेळी माळ्यावर चढावं लागेल.