म्हाताऱ्याची मैफल आधी ऐका

प्रश्न : मुलीने टोरांटोहून लेनर्ड कोहेन या कॅनेडियन कवी-गायकाचा ‘लाइव्ह इन लंडन’ हा मैफलीचा अल्बम ऐकायला सांगितला. आवाज इतका बसका, की माणूस गातोय की बोलतोय कळेना. तरुणपणची रेकॉर्डिंग असताना हे कशाला ऐकायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर : अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाच्या गावातला माणूस ही तक्रार करणारच! मीही पहिल्यांदा दुसऱ्या गाण्याला सीडी बंद केली होती. बायकोने आतून विचारलं होतं, “पोथी कोण वाचतंय?”

तिचं फारसं चुकलं नव्हतं. कोहेन मुळात कवी. १७ जुलै २००८ ला लंडनच्या ओटू अरीनात तो उभा राहिला तेव्हा ७३ वर्षांचा होता आणि आवाज पार खर्जात उतरला होता. पंधराएक वर्षं दौरा नव्हता. मधली पाच वर्षं तर झेन बौद्ध मठात गेली. मग कळलं, म्हातारपणाची पुंजी मॅनेजरनेच संपवलीय. कोर्टाने ९० लाख डॉलरचा निकाल दिला, पण पैसे काही हातात पडेनात. म्हणून पुन्हा गाणं. पण मैफलीत रडगाणं नाही. मागे आलो तेव्हा साठीचा होतो, नुसता खुळ्या स्वप्नांचा पोरगा, असं तो लोकांना सांगतो.

‘हू बाय फायर’ लावा. सुरुवातीला हाविएर मास हा स्पॅनिश वादक तारा छेडत बसतो, आलापीसारखा, अजिबात घाई नाही. शब्द नंतर येतात. आता १९७४ ची मूळ ध्वनिमुद्रिका ऐका. तिथे ही ऐसपैस जागाच नाही. ‘हॅलेलुया’त तो एका ओळीत लंडनचं नाव घालतो, कीर्तनकार गावाचं नाव घेतात तसं. आणि ‘टॉवर ऑफ साँग’मध्ये छोट्याशा कीबोर्डवर जेमतेम काही सूर वाजवतो. लोक टाळ्या पिटतात आणि हा गंभीरपणे आभार मानतो. सॅक्सोफोन मात्र मला जरा गुळचट वाटतो. तेवढा सोसा.

आणखी एक. मठातून बाहेर पडल्यावर १९९९ मध्ये हा गृहस्थ मुंबईत येऊन राहिला होता, रमेश बाळसेकरांची प्रवचनं ऐकायला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे माजी अध्यक्ष आणि मुंबईतच खेतवाडीत राहणारे अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज यांचे शिष्य. महाराज घराच्या माळ्यावर बसून मराठीत बोलायचे आणि बाळसेकर ते इंग्रजीत सांगायचे. म्हणजे फिरून फिरून धागा खेतवाडीच्या माळ्यापर्यंत येतोच.

गाण्यांचे शब्द मुलीकडून मागवून समोर ठेवा. नुसत्या कानांनी सगळे पकडता येत नाहीत, मलाही नाही. आणि पहिल्या दिवशी एकच सीडी ऐका, दुसरी रविवारी.