रत्नागिरीजवळ गर्दी नसलेलं, जुनं, लहान देऊळ कुठलं पाहावं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत दोन दिवस आहात, गणपतीपुळं बघून झालंय, आता एखादं शांत देऊळ सुचवा. माझं उत्तर एकच: कशेळीचा कनकादित्य.

कशेळी राजापूर तालुक्यात. रत्नागिरीहून पावस, पूर्णगडमार्गे खाली यायचं. कोकणात महादेव, भगवती, रवळनाथ पावलोपावली भेटतात, पण सूर्यनारायणाचं देऊळ विरळाच.

एक मात्र ऐका, थेट देवळात जाऊ नका. आधी देवघळी गाठा. दोन कड्यांमधून समुद्र आत शिरलाय आणि कातळात एक गुहा आहे. गावात सांगतात की काठेवाडातल्या प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथं अडलं, काही केल्या हलेना. नावाड्यानं मूर्ती या गुहेत ठेवली तेव्हा ते सुटलं. पुढे कनकाबाई नावाच्या कलावंतिणीला दृष्टांत झाला, तिनं गावकऱ्यांना घेऊन मूर्ती वर आणली, म्हणून कनकादित्य. देवाच्या नावात त्या बाईचं नाव आजही आहे, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मी आईला घेऊन गेलो होतो. गुहा बघून वर देवळात आलो. लाकडी सभामंडपात गार सावली, छतावर कोरीव काम, आणि आत काळ्या पाषाणाची मूर्ती. आईनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, "केवढ्या लांबून आलायस रे!" खालची गुहा आधी पाहिली नसती तर ते तिला सुचलंही नसतं.

देऊळ किती जुनं, तर शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट आहे. बारा ब्राह्मणांच्या रोजच्या भोजनासाठी कशेळी गाव लावून दिल्याचा. आठशे वर्षांपूर्वी या आडगावाचं नाव तांब्यावर कोरलं गेलं होतं!

रथसप्तमीला मोठा उत्सव असतो, तेव्हा गर्दी असणारच. शांतता हवी तर एरवी सकाळी जा. पावसाळ्यात देवघळीचा कातळ शेवाळतो, वयस्कर माणसांना खाली नेऊ नका, वरून समुद्र दाखवा. जाताना आडिवऱ्याच्या महाकालीचंही दर्शन होईल, ते जवळच आहे.